चौरस हातात धरता येत नाही: सपाट आकृत्या आणि घनाकृती

भूमितीच्या प्राथमिक पुस्तकात सपाट आकृत्या आणि घनाकृती बहुधा एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेल्या असतात. डावीकडे चौरस, उजवीकडे घन. डावीकडे वर्तुळ, उजवीकडे गोल. त्यांच्याखाली एक वाक्य असते, की पहिल्या गटातील आकारांना फक्त लांबी आणि रुंदी असते, तर दुसऱ्या गटातील आकारांना लांबी, रुंदी आणि उंची अशी तीनही मापे असतात. वाक्य बरोबर आहे, पण शिकणाऱ्याची अडचण त्याने सुटत नाही, कारण पानावर छापलेला घनही शाईच्या रेषांचाच असतो आणि शेजारच्या चौरसाइतकाच सपाट असतो. बरे, चौरस दाखवण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा कापून हातात द्यावा, तर त्या तुकड्याला जाडी असते. म्हणजे घनाकृती म्हणून दाखवलेली गोष्ट सपाट आणि सपाट आकृती म्हणून दिलेली गोष्ट घनाकृती, असा उलटा प्रकार होतो, आणि पाठ केलेली व्याख्या व डोळ्यांसमोरची वस्तू यांचा मेळ बसेनासा होतो. याचा दोष मला शिकणाऱ्याच्या आकलनापेक्षा दाखवण्याच्या पद्धतीत अधिक दिसतो, म्हणून या लेखात व्याख्येपासून सुरुवात करून वस्तूंपर्यंत जाऊ.

दोन्ही प्रकारांना वेगळे करणारी कल्पना म्हणजे मिती. एखाद्या जागेतील एक ठिकाण नेमके सांगण्यासाठी एकमेकांपासून स्वतंत्र अशी किती मापे द्यावी लागतात, ती संख्या म्हणजे त्या जागेच्या मिती. ताणलेल्या दोरीवर कोठे गाठ आहे हे सांगायला एका टोकापासूनचे अंतर पुरते. एक माप, म्हणून रेषा एकमितीय. टेबलाच्या पृष्ठभागावर पडलेल्या शाईच्या ठिपक्याची जागा सांगायला डाव्या कडेपासून किती आणि पुढच्या कडेपासून किती, अशी दोन मापे लागतात. म्हणून प्रतल द्विमितीय. खोलीत लटकणाऱ्या दिव्याची जागा सांगताना मात्र दोन भिंतींपासूनची अंतरे पुरत नाहीत, जमिनीपासूनची उंचीही सांगावी लागते. म्हणून आपण वावरतो तो अवकाश त्रिमितीय. बिंदूच्या आत शोधायला जागाच नसल्यामुळे त्याला एकही माप लागत नाही आणि त्याची मिती शून्य मानतात. सपाट आकृती म्हणजे जिचे सर्व बिंदू एकाच प्रतलात मावतात ती. आणि घनाकृती म्हणजे जी अवकाशाचा काही भाग व्यापते आणि म्हणून कोणत्याही एका प्रतलात मावू शकत नाही ती.

येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द शोभेसाठी वापरलेला नाही. आयताला लांबी असते, रुंदी असते आणि कर्णही असतो, मग त्याची मापे तीन झाली की, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर असे, की लांबी ४ सेंमी आणि रुंदी ३ सेंमी ठरली की कर्ण ५ सेंमी होणे अटळ आहे. तो वेगळा सांगावा लागत नाही, म्हणून तो मितींच्या हिशेबात धरत नाहीत. त्याच चालीवर, त्रिकोणाला तीन बाजू असतात म्हणून तो त्रिमितीय होत नाही. बाजूंची संख्या आणि मितींची संख्या यांचा काही संबंध नाही. शंभर बाजूंचा बहुभुजही द्विमितीयच राहतो.

‘लांबी, रुंदी, उंची असेल तर घनाकृती’ हा ठोकताळा आणखी एका ठिकाणी अडखळतो. गोलाची लांबी कोणती आणि रुंदी कोणती? गोल पूर्णपणे ठरवायला एक त्रिज्या पुरते, तसाच घन ठरवायलाही एका बाजूचे माप पुरते. तरीही दोन्ही त्रिमितीय आहेत, कारण आकृतीचे आकारमान ठरवणारी मापे किती, हा येथे प्रश्नच नाही. त्या आकृतीच्या आत एखादा बिंदू कोठे आहे हे सांगायला किती मापे लागतील, हा प्रश्न आहे, आणि चेंडूच्या आतल्या बिंदूसाठी ती तीनच लागतात. आकृती ठरवणे आणि आकृतीत जागा ठरवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, की या विषयातील निम्मे गैरसमज मुळातच उरत नाहीत.

आता पुठ्ठ्याच्या चौरसाकडे येऊ. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या ए-४ कागदाची लांबी २९७ मिमी, रुंदी २१० मिमी आणि जाडी साधारण ०.१ मिमी असते. ५०० कागदांचे रीम सुमारे ५ सेंमी जाड भरते, यावरून ही जाडी घरबसल्याही पडताळता येते. एका सुट्या कागदाचे घनफळ त्यामुळे सुमारे ६.२ घन सेंमी येते. थोडे असले तरी शून्य नाही. ज्या वस्तूला घनफळ आहे ती त्रिमितीय आहे, तेव्हा आपण ज्याला आयताकृती कागद म्हणतो तो भूमितीच्या दृष्टीने एक अतिशय चपटी इष्टिकाचिती (विटेसारखी घनाकृती) आहे. हेच नाण्याचे: त्याला आपण बिनदिक्कत वर्तुळाकार म्हणतो, पण नाणे ही कमी उंचीची वृत्तचिती (नळकांड्यासारखी घनाकृती) आहे. कागदावर पेन्सिलीने काढलेल्या रेषेलाही ग्राफाइटच्या थराची बारीकशी जाडी असते. मग खरा चौरस कोठे भेटतो? तो खोक्याचे एक पृष्ठ म्हणून भेटतो. जेथे खोक्याचा पुठ्ठा संपतो आणि बाहेरची हवा सुरू होते, ती सीमा घ्या. तिला लांबी-रुंदी आहे, पण जाडी अजिबात नाही, कारण ती ना पुठ्ठ्याचा भाग आहे ना हवेचा. सपाट आकृती ही घनाकृतीच्या शेजारी मांडून ठेवायची दुसरी वस्तू नव्हे. ती घनाकृतीची सीमा आहे, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत आधी सांगायची गोष्ट हीच आहे.

हाच विचार पुढे नेला, तर दोन पृष्ठे जेथे मिळतात त्या सीमेला कडा म्हणतात आणि तिला फक्त लांबी असते. कडा जेथे मिळतात तो शिरोबिंदू, आणि त्याला कोणतेच माप नसते. म्हणजे एका घनाच्या अंगावर तीन, दोन, एक आणि शून्य अशा चारही मितींचे घटक एकाच वेळी हजर असतात. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळात युक्लिडने भूमितीची मांडणी केली, तेव्हा त्याने क्रम उलटा ठेवला: आधी ज्याला भाग नाहीत असा बिंदू, मग रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा, मग फक्त लांबी-रुंदी असलेले पृष्ठ, आणि घनाकृती तर तेरा भागांच्या त्याच्या ग्रंथात अकराव्या भागापासून पुढे. सिद्धता रचण्यासाठी हा क्रम उत्तम आहे, कारण त्यात कोणतीही गोष्ट आधी सांगितल्याशिवाय वापरावी लागत नाही. शिकवण्यासाठी मात्र तो गैरसोयीचा आहे. जर्मनीत १८३७ मध्ये बालशिक्षणाची संस्था सुरू करणाऱ्या फ्रिडरिश फ्रोबेलने तो बरोबर उलटवला. त्याच्या शैक्षणिक साहित्यात लहान मुलाच्या हाती प्रथम चेंडू, मग लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन येतात; त्यानंतर लहान ठोकळ्यांत विभागलेले घन, मग पातळ सपाट तुकडे, मग काड्या आणि शेवटी बिंदू दर्शवणारे मणी-बिया. फ्रोबेलने तरुणपणी बर्लिनमध्ये खनिजांच्या संग्रहालयात स्फटिकांवर काम केले होते, हे कळले की त्याच्या या क्रमाचे फारसे नवल वाटत नाही; स्फटिक हाताळणाऱ्याला पृष्ठे आणि कडा घनापासून सुट्या काढूनच पाहाव्या लागतात.

नावांच्या जोड्या थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण त्यांत समजण्यासारखे कमी आणि लक्षात ठेवण्यासारखे जास्त आहे. घनाची सर्व पृष्ठे चौरस असतात, इष्टिकाचितीची आयत. चितीची दोन टोके एकसारखे बहुभुज असतात आणि त्यांना जोडणाऱ्या बाजू समांतरभुज चौकोन, उभ्या चितीत आयत. सूचीचा तळ बहुभुज असतो आणि बाकीची पृष्ठे एका शिरोबिंदूत मिळणारे त्रिकोण असतात. वृत्तचितीला दोन वर्तुळाकार तळ आणि त्यांना जोडणारे एक वक्र पृष्ठ असते. शंकूला एक वर्तुळाकार तळ, एक वक्र पृष्ठ आणि एक टोक. गोलाला फक्त एक वक्र पृष्ठ. बोलताना आपण नाणे आणि चेंडू दोन्हींना गोलच म्हणतो. लिहिताना मात्र प्रतलातील आकृतीला वर्तुळ आणि अवकाशातील आकृतीला गोल म्हणण्याची शिस्त पाळलेली बरी.

सपाट पृष्ठांनी बंद झालेल्या घनाकृतींत एक नियम दिसतो. घनाला ६ पृष्ठे, ८ शिरोबिंदू आणि १२ कडा असतात; चौरस तळाच्या सूचीला ५ पृष्ठे, ५ शिरोबिंदू आणि ८ कडा; त्रिकोणी चितीला ५ पृष्ठे, ६ शिरोबिंदू आणि ९ कडा. प्रत्येक वेळी पृष्ठे आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांच्या संख्येपेक्षा २ ने जास्त येते. लिओनार्ड ऑयलरने १७५० मध्ये एका पत्रात हे नाते नोंदवले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. आरपार भोक नसलेल्या साध्या बहुपृष्ठक आकृत्यांना ते लागू पडते. वक्र पृष्ठांच्या आकृत्यांना ते जसेच्या तसे लावू नये: वृत्तचितीला ३ पृष्ठे, २ वर्तुळाकार कडा आणि शून्य शिरोबिंदू मोजले, तर बेरीज ३ येते आणि हवी असते ४. शंकूला २ पृष्ठे, १ कड आणि १ शिरोबिंदू मोजले, तर उत्तर नेमके जुळते, पण तो योगायोग आहे आणि त्यामुळे परीक्षेत भलताच आत्मविश्वास येतो.

सपाट आणि घन यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते खोके उलगडताना. पुठ्ठ्याचे घनाकृती खोके घ्यावे आणि कात्रीने एकेक कड कापत जावे, अट एवढीच की सहाही चौरस एकमेकांना जोडलेले राहिले पाहिजेत. पहिल्या तीन कडा कापल्या की वरचे झाकण उघडते, पण खोके अजून खोकेच असते. मग उभ्या कडा एकेक कापाव्यात. चारही कापल्या की बाजू जमिनीवर निजतात, आणि तळ मध्यभागी, चार बाजू चारही दिशांना व झाकण एका बाजूच्या टोकाला, अशी क्रूसासारखी सपाट आकृती मिळते. तिला घनाची घडणी म्हणतात. कापलेल्या कडा मोजल्या तर त्या ७ भरतात आणि घडीच्या रूपात राहिलेल्या ५. कोठूनही सुरुवात केली, कोणत्याही क्रमाने कापले, तरी हा आकडा बदलत नाही. कारण सोपे आहे: सहा चौरस एकमेकांना जोडून ठेवायला किमान पाच जोड लागतात, आणि सहावा जोड राहिला तर चौरसांची साखळी कोठेतरी बंद होऊन आकृती सपाट पडत नाही. बारांतून पाच गेल्या की उरल्या सात.

घडणी मात्र एकच नसते. सहा समान चौरस बाजूला बाजू लावून जोडण्याच्या एकूण ३५ वेगवेगळ्या रचना होतात (फिरवून किंवा उलटवून जुळणाऱ्या एकच धरल्या तर), आणि त्यांपैकी नेमक्या ११ रचनांची घडी घालून घन तयार होतो. उरलेल्या २४ रचनांपासून घन बंद होत नाही: काहींत चौरस एकावर एक येतात आणि बाजू उघड्या राहतात, तर काहींत एका बिंदूभोवती चार चौरस जमल्यामुळे घडीच नीट घालता येत नाही. उदाहरणार्थ, सहाही चौरस एका ओळीत ठेवले तर चार चौरसांनी चौफेर भिंती होतात, पाचवा आणि सहावा पुन्हा त्याच भिंतींवर चढतात, आणि तळ व झाकण मिळतच नाहीत. कागदावर पाहून कोणती रचना बंद होईल हे मनातल्या मनात ठरवणे हा सपाट आणि घन यांतील ये-जा करण्याचा फार चांगला सराव आहे. तो पृष्ठे-कडांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

वक्र पृष्ठेही काही वेळा उलगडतात. वृत्तचितीचे वक्र पृष्ठ उभ्या रेषेवर कापून पसरले की आयत मिळतो, आणि त्याची एक बाजू तळाच्या परिघाइतकी असते. शंकूचे वक्र पृष्ठ पसरले की वर्तुळपाकळी मिळते. ६ सेंमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ गुंडाळून कडेला कड लावली, तर तळाची त्रिज्या ३ सेंमी असलेला शंकू तयार होतो. गोलाचे पृष्ठ मात्र कसेही कापले तरी ताणल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय सपाट होत नाही. हे हाताच्या कौशल्यावर अवलंबून नाही. कार्ल फ्रिडरिश गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केले, की पृष्ठाची एक विशिष्ट वक्रता त्या पृष्ठावरच्याच मापांवरून ठरते आणि न ताणता वाकवल्याने ती बदलत नाही. प्रतलाची ही वक्रता शून्य, वृत्तचितीच्या व शंकूच्या वक्र पृष्ठांचीही शून्य, पण गोलाची शून्य नाही. म्हणून पृथ्वीचा कोणताही सपाट नकाशा अंतरे, क्षेत्रफळे किंवा आकार यांपैकी कशाशी तरी तडजोड केल्याशिवाय काढताच येत नाही.

यातून एक बारकावा निघतो, जो प्राथमिक पुस्तके टाळतात. गोलाच्या पृष्ठावर जागा सांगायला अक्षांश आणि रेखांश ही दोनच मापे पुरतात, म्हणजे गोलाचे पृष्ठ द्विमितीय आहे. पण ते सपाट नाही. ‘सपाट’ आणि ‘द्विमितीय’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि प्रतलातील आकृत्यांपुरते ते चालते. नेमकेपणाने बोलायचे तर प्रत्येक सपाट प्रदेश द्विमितीय असतो, पण प्रत्येक द्विमितीय पृष्ठ सपाट असतेच असे नाही. त्याचप्रमाणे वर्तुळ म्हणजे नुसती बाहेरची रेषा की आतला भागही, हे बोलताना स्पष्ट करावे. रेषेवर जागा सांगायला एक माप पुरते, आतल्या भागासाठी दोन लागतात. पोकळ चेंडू आणि भरीव चेंडू यांतही हाच फरक आहे.

सपाट तुकड्यांपासून घन कोपरा कसा बनतो, हे कोनांच्या हिशेबावरून कळते, आणि मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. प्रतलात एका बिंदूभोवती पूर्ण फेरा ३६० अंशांचा असतो. त्या बिंदूभोवती चार चौरस मांडले तर ९० च्या चार पटी ३६० होतात, जागा पूर्ण भरते आणि फरशी सपाट राहते. एक चौरस काढून टाका: आता तीन चौरसांचे २७० अंश उरले आणि ९० अंशांची फट पडली. ती फट बंद करायला दोन मोकळ्या कडा एकमेकींजवळ आणाव्या लागतात, आणि तसे करताना मधला बिंदू प्रतलातून वर उचलला जातो. घनाचा कोपरा म्हणजे ही बंद केलेली फट. तेव्हा बहिर्गोल, म्हणजे कोठेही आत न खचलेल्या, घनाकृतीच्या कोणत्याही शिरोबिंदूपाशी मिळणाऱ्या सपाट कोनांची बेरीज ३६० अंशांपेक्षा कमीच असावी लागते, आणि तेथे किमान तीन पृष्ठे यावी लागतात, कारण दोन पृष्ठांनी कोपरा बंद होत नाही.

एवढ्या एका अटीवरून असे विचारता येते, की सर्व पृष्ठे एकसारखे सुसम बहुभुज (सर्व बाजू आणि सर्व कोन समान असलेले) असतील आणि प्रत्येक कोपऱ्यावर सारखीच पृष्ठे येत असतील, अशा किती घनाकृती शक्य आहेत. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा. एका कोपऱ्यावर असे तीन, चार किंवा पाच घेता येतात, सहा घेतले की ३६० होऊन सपाट फरशी होते. चौरस तीनच घेता येतात. सुसम पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन घेतले की ३२४, चौथ्याला जागा नाही. सुसम षट्कोनाचे तीन कोनच ३६० होतात, म्हणून षट्कोनापासून पुढे काहीच शक्य नाही. एकूण पाच शक्यता उरल्या, आणि पाचही प्रत्यक्षात बनतात: ४, ८ आणि २० त्रिकोणांच्या आकृत्या, ६ चौरसांचा घन आणि १२ पंचकोनांची आकृती. प्रतलात सुसम बहुभुज हवे तितके असू शकतात, त्यांना अंत नाही. घनाकृतींत मात्र हा आकडा पाचावर थांबतो. एक मिती वाढल्यावर शक्यता वाढाव्यात असे सहज वाटते, येथे उलटे घडते.

त्या फटींचीही एक गंमत आहे. घनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर ९० अंशांची फट, आणि कोपरे आठ: बेरीज ७२०. चार त्रिकोणांच्या आकृतीत प्रत्येक कोपऱ्यावर १८० अंशांची फट, कोपरे चार: पुन्हा ७२०. वीस त्रिकोणांच्या आकृतीत ६० अंश आणि १२ कोपरे, बारा पंचकोनांच्या आकृतीत ३६ अंश आणि २० कोपरे; उत्तर तेच. कोणत्याही बहिर्गोल बहुपृष्ठक आकृतीसाठी, ती कितीही वेडीवाकडी असली तरी, ही बेरीज ७२० अंशच येते, हे रने देकार्तने सतराव्या शतकात दाखवले. खोक्याचे कोपरे मोजून आणि कोनमापकाने कोन पाहून हे कोणालाही तपासता येईल.

आता पानावर छापलेल्या घनाकडे वळू. घन बाहेरून पाहिला तर एका वेळी त्याची जास्तीत जास्त तीन पृष्ठे दिसतात, आणि तशा स्थितीत १२ पैकी ९ कडा व ८ पैकी ७ शिरोबिंदू नजरेस पडतात. चित्रात ही तीन पृष्ठे दाखवताना त्यांतील किमान दोन तरी समांतरभुज चौकोन म्हणून काढावी लागतात. सहाही पृष्ठे प्रत्यक्षात चौरस आहेत, ही माहिती चित्र बघणाऱ्याने स्वतःच्या मनातून घालायची असते. मागच्या कडाही पूर्ण रेषांनी काढल्या, तर पुढचे पृष्ठ कोणते हे चित्रावरून ठरत नाही आणि बघता बघता पुढचे मागे, मागचे पुढे जाते. लुई आल्बर्ट नेकर या स्विस स्फटिकतज्ज्ञाने १८३२ मध्ये या चमत्काराची नोंद केली. मागच्या कडा तुटक रेषांनी काढण्याचा संकेत या गोंधळावरचा उपाय आहे. थोडक्यात, घनाकृतीचे चित्र ही सपाट आकृती असते आणि तिच्यात एका मितीची माहिती हरवलेली असते. ती एका चित्रातून पूर्ण परत मिळत नाही. जिची उंची व्यासाइतकी आहे अशी वृत्तचिती वरून वर्तुळ दिसते आणि समोरून चौरस. म्हणून यंत्रांचे सुटे भाग बनवण्यासाठी काढलेल्या आराखड्यात एकाच वस्तूची समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्ये देण्याची पद्धत आहे.

घनाकृतीतून सपाट आकृती काढण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तिचा छेद घेणे. गोल कसाही कापा, छेद वर्तुळच येतो. घनाचा छेद त्रिकोण, चौकोन, पंचकोन किंवा षट्कोन येऊ शकतो, त्यापुढे नाही, कारण कापणारे प्रतल घनाच्या सहाच पृष्ठांना छेदू शकते. सहा कडांच्या मध्यबिंदूंतून नेमके कापले तर सुसम षट्कोन मिळतो, आणि सगळीकडे काटकोन असलेल्या वस्तूतून १२० अंशांचे कोन बाहेर आलेले पाहून पहिल्यांदा थोडे चकित व्हायला होते. शंकूच्या छेदांतून वर्तुळ, विवृत्त, अन्वस्त आणि अपास्त हे वक्र मिळतात.

मोजमापातही मितींचा फरक उघड दिसतो. सपाट आकृतीच्या कडेची लांबी म्हणजे परिमिती, ती सेंमीमध्ये. तिने व्यापलेली जागा म्हणजे क्षेत्रफळ, ते चौरस सेंमीमध्ये. घनाकृतीच्या बाहेरच्या पृष्ठांचे मिळून पृष्ठफळ होते, तेही चौरस सेंमीमध्येच, आणि आतली जागा म्हणजे घनफळ, ते घन सेंमीमध्ये. १० सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंमी आणि घनफळ १००० घन सेंमी, म्हणजे एक लिटर. बाजू दुप्पट केली तर पृष्ठफळ २४०० होते, चौपट. घनफळ ८००० होते, आठपट. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मध्यछेदातील वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असल्याचा नियम आहे; वक्र पृष्ठ सपाट पसरता येत नसतानाही त्याचे माप सपाट वर्तुळात सांगता येते, ही या नियमाची खुबी आहे.

सपाट आकृतीचा नियम घनाकृतीला तसाच लावण्याचा मोह मोठमोठ्यांनाही झालेला दिसतो. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त सहा कडांच्या सूचीचे घनफळही, प्रचलित अर्थ घेतला तर, तळाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे दिलेले आहे. खरे उत्तर एक तृतीयांश, आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये सूचीसाठी तेच दिले. निम्म्याऐवजी एक तृतीयांश का येतो हे चौरस आणि घन शेजारी ठेवून पाहता येते. चौरसाचा एक कोपरा निवडा. त्या कोपऱ्याला न लागणाऱ्या बाजू दोन आहेत. प्रत्येक बाजू पाया धरून आणि निवडलेला कोपरा टोक धरून त्रिकोण काढला, तर दोन एकसारख्या त्रिकोणांत चौरस विभागला जातो. आता घनाचा एक कोपरा निवडा. त्याला न लागणारी पृष्ठे तीन आहेत. प्रत्येक पृष्ठ तळ धरून आणि निवडलेला कोपरा टोक धरून सूची बनवली, तर तीन एकसारख्या सूचींत घन पूर्ण विभागला जातो, फट राहत नाही आणि भाग एकमेकांवर चढत नाहीत. जाड कागदाच्या अशा तीन सूची करून त्या जुळवल्या की घन तयार होतो. या सूचींचे टोक तळाच्या मध्यावर नसून एका कोपऱ्याच्या बरोबर वर येते, म्हणून मध्यावर टोक असलेल्या सूचीला हा नियम लागेल का, अशी शंका येणे रास्त आहे. दोन्हींचा तळ आणि उंची सारखी असेल, तर कोणत्याही एका उंचीवर आडवा छेद घेतला असता दोन्हींत एकाच आकाराचा चौरस मिळतो, फक्त तो थोडा बाजूला सरकलेला असतो. आणि थर नुसते सरकल्याने घनफळ बदलत नाही.